वरात गेली, मांडव राहिला

ऑक्टोबरफेस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेसाळलेले मग येतात, पण 1810 साली हा सोहळा सुरू झाला तेव्हा निमित्त होतं लग्नाचं आणि आकर्षण होतं घोड्यांच्या शर्यतीचं. बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि सॅक्स-हिल्डबुर्गहाउझेनची राजकन्या टेरेझे यांचं लग्न 12 ऑक्टोबरला लागलं. पाच दिवसांनी, 17 तारखेला, म्युनिकच्या वेशीबाहेरच्या एका मोकळ्या कुरणावर तीस घोडे धावले आणि ते बघायला चाळीस हजार माणसं जमली. शर्यतीची मूळ कल्पना फ्रान्झ बाउमगार्टनर नावाच्या एका भाड्याच्या घोडागाडीवाल्याची. ती राजाच्या कानावर घातली आंद्रेआस फोन डालार्मी या बँकवाल्या मेजरने. आणि शर्यत जिंकली कुणी? बाउमगार्टनरनेच. इतिहासाच्या पुस्तकांत हा माणूस एखाद्या ओळीपुरता येतो, पण मला या सगळ्या कहाणीत तोच सगळ्यात हुशार वाटतो.

त्या कुरणाला नवरीचं नाव मिळालं, टेरेझियनवीझे. आता तिथे भुयारी रेल्वेचं त्याच नावाचं स्टेशन आहे आणि म्युनिककर सगळ्या उत्सवालाच थोडक्यात ‘वीझन’ म्हणतात. ऑक्टोबरफेस्ट हा शब्द इथे पर्यटकांच्या तोंडी जास्त. शर्यती 1938 नंतर बंद पडल्या. पुढे 1960 आणि 2010 या मोठ्या वाढदिवसांना तेवढी हौस भागवून घेतली. लग्न तर कधीच विसरलं गेलं. बाजूला तहान भागवायला म्हणून जे दोन घोट मिळायचे, त्यांनी अख्खं मैदान व्यापलं. वरात निघून गेली आणि मांडव दोनशे वर्षं तसाच उभा राहिला.

तसं पाहिलं तर लग्न हेही निमित्तच होतं. बव्हेरिया तेव्हा राज्य म्हणून जेमतेम चार वर्षांचं. 1806 मध्ये नेपोलियनच्या कृपेने नवरदेवाच्या वडिलांना, माक्स योझेफला, राजमुकुट मिळाला. सोबत फ्रँकोनिया, श्वाबिया असे प्रदेश पदरात पडले. तिथल्या लोकांनी म्युनिकला आपलं का म्हणावं? म्हणून मग शर्यतीआधी राज्याच्या नऊही जिल्ह्यांच्या वेशातली मुलं राजघराण्यासमोर मुजऱ्याला आली. पुढच्या वर्षी शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं, म्हणजे खेड्यापाड्यांतले लोक बैल-घोडे घेऊन राजधानीत येतील. हे प्रदर्शन अजूनही दर चार वर्षांनी मैदानाच्या दक्षिण टोकाला भरतं, आणि ट्रॅक्टर बघायला येणारे शेतकरी मला तंबूंतल्या गर्दीपेक्षा जास्त आवडतात. 1818 मध्ये पहिलं चक्र आणि दोन झोपाळे आले. 1819 पासून व्यवस्था नगरपालिकेकडे गेली, ती आजही तिच्याकडेच आहे. राजाने आपल्या राज्याला एकत्र बांधायला काढलेला कार्यक्रम नऊ वर्षांत गावाच्या ताब्यात गेला, आणि गावाने तो पुन्हा सोडला नाही.

मी या मैदानापासून दोन-तीन स्टेशनांवर राहते. जुलैच्या मध्यात तिथे लाकडी सांगाडे उभे राहायला लागतात. तंबू म्हणायचं म्हणून म्हणायचं, नाहीतर त्या आठ-दहा हजार माणसं मावणाऱ्या, मजबूत छपराच्या इमारतीच असतात. मोठे तंबू चौदा, लहान वीसेक. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारच्या आसपास सुरुवात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास शेवट. 1872 पासून तारखा अलीकडे ओढल्या, कारण ऑक्टोबरात इथे संध्याकाळी हाडं गारठतात. नाव मात्र बदललं नाही. त्यामुळे भारतातून दर वर्षी कुणी ना कुणी ऑक्टोबरच्या मध्याचं तिकीट काढून येतो आणि त्याला नटबोल्ट काढणारे कामगार बघायला मिळतात.

नवरदेवाकडे परत येते, कारण लुडविग हे प्रकरण नुसत्या लग्नाने संपत नाही. 1825 मध्ये तो राजा झाला. कलेचा वेडा, ग्रीसचा भक्त, खर्चाला उदार. 1844 मध्ये त्याच्या सरकारने बिअरवरचा कर वाढवला. तेव्हाची बव्हेरियन बिअर ही चैन नव्हती, मजुराच्या जेवणाचा भाग होती, आणि किंमत एका पैशाने वाढली तरी घराचा हिशोब बिघडत असे. 1 मे रोजी, नेमकं राजकन्या हिल्डेगार्डच्या लग्नाच्या दिवशी, म्युनिककर रस्त्यावर उतरले आणि त्यांनी बिअरच्या भट्ट्या आणि पिठे फोडले. सैनिकांना लोकांवर चालून जायचा उत्साह नव्हता. तेही तीच बिअर प्यायचे. राजाने निमूट भाव खाली आणले. फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधल्या एका वृत्तपत्रात या दंगलीवर टिपण लिहिलं. त्याचा सूर असा की कराच्या बाबतीत सरकार घाबरतं हे एकदा लोकांना कळलं, की मोठ्या गोष्टींतही ते घाबरेल हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागणार नाही. चार वर्षांनी, 1848 मध्ये, लुडविगला गादी सोडावी लागली. त्यात लोला मोन्तेझ या राजाच्या लाडक्या नर्तकीचा वाटा मोठा होता, पण बिअरची आठवणही कुणी विसरलं नसणार.

मैदानाच्या पश्चिमेला टेकाडावर साडेअठरा मीटर उंचीचा काशाचा पुतळा आहे, बव्हेरियाचा, म्हणजे या राज्याच्या स्त्रीरूपाचा. हातात ओकच्या पानांचा हार आणि पायाशी सिंह. बनवून घ्यायला सुरुवात लुडविगने केली आणि 1850 मध्ये पुतळा उभा राहिला तेव्हा तो राजा नव्हता. पुतळा आतून पोकळ आहे. जिन्याने थेट डोक्यात जाऊन बसता येतं. उन्हाळ्यात आत चांगलीच भट्टी होते, तरी फटीतून खाली पाहिलं की अख्खं मैदान दिसतं. आणि ज्या नवरीचं नाव या मैदानाला आहे, ती टेरेझे 1854 च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिकमध्ये कॉलऱ्याने गेली. कॉलऱ्याच्या साथीमुळे त्या वर्षी उत्सव रद्द झाला होता. 1873 मध्येही कॉलऱ्याने तो अडवला. मग दोन महायुद्धं आली, 1923-24 ची भयंकर महागाई आली, आणि 2020-21 ला करोना आला. त्या दोन वर्षांत मी सप्टेंबरात तिथून सायकलने जायचे. एवढी मोकळी खडी शहराच्या मधोमध असते हे इतर वेळी जाणवतच नाही.

आता बिअर. तंबूंत फक्त सहा कंपन्यांची बिअर मिळते: आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, हॉफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. नियम असा की बिअर म्युनिक शहराच्या हद्दीत तयार झालेली हवी. मालक कुठला, हे नियम विचारत नाही. श्पाटेन आणि ल्योवेनब्रॉय आज बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या एका जगड्व्याळ कंपनीच्या मालकीच्या आहेत, तरी त्यांना मानाची जागा. उलट बव्हेरियाच्या राजघराण्याचा एक वंशज, प्रिन्स लुइटपोल्ड, म्युनिकच्या पश्चिमेला काल्टेनबेर्गच्या किल्ल्यात स्वतःची बिअर बनवत असे. त्याने वीझनवर तंबू मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. नाही म्हणजे नाही. ज्याच्या पूर्वजाच्या लग्नासाठी हे सगळं उभं राहिलं, त्याच्या घरच्या बिअरला मांडवात प्रवेश नाही, कारण ती हद्दीबाहेरची. याहून म्युनिकी न्याय मला दुसरा सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो पटतोही.

बव्हेरियन बिअरचा 1516 चा शुद्धतेचा कायदा आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असतो: जव, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. ऑक्टोबरफेस्टशी जास्त संबंध आहे तो 1539 च्या हुकमाचा. उन्हाळ्यात आंबवलेली बिअर नासायची, शिवाय भट्ट्यांनी आगी लागायच्या. म्हणून 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी आली. मग मार्चमध्ये थोडी कडक बिअर बनवून ती तळघरांत बर्फ भरून जपायची, उन्हाळाभर प्यायची आणि जी उरेल ती शरद ऋतूत, नवा हंगाम सुरू व्हायच्या आत, संपवायची. तिला मेर्त्सेन म्हणतात, मार्चची बिअर. तळघरांवर ऊन पडू नये म्हणून चेस्टनटची झाडं लावली. झाडांच्या सावलीत बाकडी आली, आणि बिअरगार्टन तयार झाली. 1812 मध्ये माक्स योझेफने तळघरवाल्यांना जागेवर बिअर विकायची परवानगी दिली, पण ब्रेडखेरीज खायला काही विकू नका म्हणून बजावलं. नाहीतर गावातले खानावळवाले बोंबलले असते. त्यामुळे बव्हेरियातल्या जुन्या बिअरगार्टनमध्ये आजही घरचा डबा उघडून बसता येतं. आमच्यासारख्या पोळी-भाजी नेणाऱ्यांना ही राजाज्ञा फार सोयीची.

1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडेने श्पाटेनमध्ये शीतयंत्र बसवलं आणि बर्फ साठवण्याची गरज संपली. म्हणजे मार्चच्या बिअरचं कारणही संपलं. नाव तेवढं उरलं, आणि नंतर रंगही गेला. पूर्वीची तांबूस, थोडी गोडसर मेर्त्सेन पोटाला जड पडते म्हणून 1970 च्या दशकात पाउलानरने फिकट सोनेरी बिअर आणली आणि हळूहळू सगळ्यांनी तोच रस्ता धरला. आता तंबूंत मिळते ती सहा टक्क्यांच्या आसपासची, दिसायला निरागस आणि उतरायला फारच सोपी. मला जुनी तांबूस जास्त आवडते. ती बाटलीत मिळते, आणि बाटलीत कुणी लक्ष देत नाही.

पिण्याचं माप एकच: मास, म्हणजे एक लिटर. पूर्वीची बव्हेरियन मास 1.069 लिटरची होती. दशमान पद्धत आल्यावर ते वरचे एकोणसत्तर मिलिलिटर गेले. म्युनिककर या विषयावर अजूनही गंमतीने उसासे टाकतात. पूर्वी दगडी मातीचे मग असत, त्यात फेस किती आणि बिअर किती हे दिसायचंच नाही. आता काचेचे असतात, त्यावर एक लिटरची रेघ असते. तरी ओतणारा नळाखाली मग असा सफाईने धरतो की चार बोटं फेसच वर येतो. म्युनिकमध्ये माप मारून बिअर ओतण्याच्या विरोधात एक नोंदणीकृत संस्था आहे, आणि तिचे सदस्य अगदी गंभीरपणे तंबूंमधून फेस मोजतात. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला नगरपालिका मासचे भाव जाहीर करते आणि आठवडाभर वर्तमानपत्रांत तेच चालतं. 2024 मध्ये भाव होते 13 युरो 60 सेंट ते 15 युरो 30 सेंट. 1844 च्या मानाने सगळे शांत बसतात एवढंच.

त्याच वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, आई-बाबा इकडे आले होते. कॅलेंडर बघून आईने आधीच नाक मुरडलं, कारण पितृपक्ष चालू होता. “पितृपंधरवड्यात कसला गं उत्सव?” बाबांनी शांतपणे सांगितलं, “अगं, आपले पितर इथे कशाला येतायत? त्यांना व्हिसा कोण देणार?” आम्ही मंगळवारी गेलो. मंगळवारी पाळणे-चक्रं स्वस्त असतात, म्हणून इथल्या आज्या नातवंडांना घेऊन येतात, आणि दुपारी बारापर्यंत तर मैदानात चालायलाही जागा मिळते. मैदानात शिरायला तिकीट नाही. फक्त दारावर पिशव्या तपासतात, आणि तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. आईची ती नेहमीची कापडी पिशवी मोजमापात नापास झाली. पाण्याची बाटली आणि सुपारीची डबी हातात घेऊन ती आत आली.

पहिला मुक्काम माशांच्या तंबूजवळ. तिथे बाहेर निखाऱ्यांची लांबच लांब रांग असते. अख्खा मासा तोंडापासून काडीत ओवलेला, मीठ-मसाला आणि तेल चोपडलेला, आणि अशा पन्नास-साठ काड्या निखाऱ्यांच्या कडेने तिरक्या खोचलेल्या. शेपट्या वर. भाजणारा माणूस दर थोड्या वेळाने एकेक काडी बोटांत फिरवून कड बदलतो, आणि सुटलेलं तेल राखेत पडून चरचरतं. कातडी आधी रुपेरी असते, मग कडेने तपकिरी होते, मग फुगून तिला बारीक भेगा पडतात. ती भेग पडली की मासा उतरवायचा. कागदात गुंडाळून हातात देतात, सोबत लाकडी काटा, पण काट्याने कुणी खात नाही. याला श्टेकर्लफिश म्हणतात. तळ्यातला रेन्के मासा मिळतो, ट्राउट मिळतो, पण बहुतेक जण घेतात तो मॅकरेल, म्हणजे बांगड्याचा अटलांटिकमधला सख्खा चुलतभाऊ. वेंगुर्ल्यात चुलीच्या विस्तवावर भाजलेल्या बांगड्यावर वाढलेल्या माणसाला तो वास शंभर पावलांवरून कळतो. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “भाजलाय झकास. मीठ जरा सढळ. आणि यांना कुणीतरी कोकमाचं आगळ दाखवायला पाहिजे.”

आई पितृपक्षात मासे-मटण खात नाही, त्यामुळे तिची पंगत वेगळी. हाताच्या तळव्याहून मोठी ब्रेत्झे, म्हणजे वरून जाडं मीठ लावलेला, बाहेर तपकिरी-चकचकीत आणि आत मऊ असा पिळदार पाव. त्याच्याबरोबर ओबात्स्डा: पिकलेलं कामाम्बेर चीज लोण्यात कुस्करून त्यात कांदा, लाल पाप्रिका, शहाजिऱ्यासारखा क्युमेल आणि घोटभर बिअर. बिअरचा घोट मी तिला सांगितला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “एवढ्याशानं काय होतंय.” मग ‘राडी’ आला, पांढरा मुळा. तो यंत्रावर फिरवून एकच लांब मळसूत्री पट्टी काढतात, वर मीठ भुरभुरून ठेवतात, आणि त्याला पाणी सुटलं की खायचा. आईने त्यातला अर्धा मुळा एकटीने संपवला. चीज मात्र तिने बाबांकडे सरकवलं.

मांसाहार करणाऱ्यांसाठी तंबूंत जगच वेगळं. अर्धी कोंबडी, म्हणजे हेंडल, पोटात पार्सलीची जुडी घालून लोण्यावर भाजलेली, लाखोंनी खपते. डुकराचं गुडघ्याचं मांस, वरची कातडी कुरकुरीत पापडासारखी फुललेली, सोबत बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी. ओक्सेनब्राटेराय या तंबूत 1881 पासून अख्खा बैल सळीवर फिरवून भाजतात, आणि तिथे फळ्यावर त्या दिवशीच्या बैलाचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. मला तो फळा वाचवत नाही. इथल्या लोकांना त्यात आदर दिसतो. कुठून आला, कसा वाढला हे निदान माहीत तरी असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पांढऱ्या सॉसेजचा, वाइसवुर्स्टचा, नियम असा की त्याने दुपारी बाराची घंटा ऐकता कामा नये. पूर्वी शीतपेटी नव्हती, सकाळचं ताजं दुपारी नासायचं. आता शीतपेटी आली तरी जुनी माणसं बारानंतर मागवणाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघतात.

आम्हाला वाढणारी बाई साठीच्या आसपासची असावी. एका खेपेला दहा-बारा मास. रिकामा मगच सव्वा किलोच्या वर, तेव्हा दहा भरलेले म्हणजे बावीस-तेवीस किलो. ती ते छातीशी धरून गर्दीतून अशी वाट काढायची की समोरच्याने आपोआप सरकावं. एका हाताने चार-पाच कान पकडायचे, दुसऱ्या हाताने तेवढेच, आणि मधले मग नुसते दाबाने टिकतात. टेबलावर ठेवताना आवाज नाही. या बायका-पुरुषांपैकी कित्येक जण वर्षभर दुसरीकडे नोकरी करतात आणि हे सोळा दिवस रजा काढून इथे राबतात, कारण विक्रीच्या टक्केवारीवर कमाई असते. बाबांनी मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला, एका मासचे चौदाशे, आणि दोघांत मिळून एकच मागवली. तिने दोघांकडे पाहिलं, हसली, आणि तो मग बरोबर दोघांच्या मधोमध ठेवला.

संध्याकाळी सहापर्यंत तंबूत फक्त वाद्यवृंदाचं पारंपरिक संगीत आणि तेही 85 डेसिबलच्या आत, हा नियम 2005 मध्ये आला. त्याआधी सकाळपासूनच धांगडधिंगा चालायचा आणि कुटुंबं फिरकेनाशी झाली होती. सहानंतर काय होतं ते मी शब्दांत मांडणार नाही. बाकड्यांवर उभं राहून नाचणारी हजारो माणसं एकदा बघावीत, दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. टेकाडाच्या उतारावर पडलेले लोक आणि त्यांना उचलून नेणारे मदतनीस, हेही याच उत्सवाचं अंग आहे, आणि फक्त कौतुक लिहिणाऱ्यांनी ते लपवू नये.

“ओ-त्साप्फ्ट इस!”, म्हणजे ‘तोटी बसली!’, ही आरोळी मात्र मी दर वर्षी टीव्हीवर ऐकतेच. पहिल्या शनिवारी दुपारी ठीक बारा वाजता शोटनहामेल तंबूत शहराचे महापौर लाकडी हातोड्याने पिंपात तोटी ठोकतात, पहिली मास बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांना मिळते, बव्हेरियाच्या पुतळ्यापाशी बारा बार उडतात आणि मगच बाकीच्या तंबूंत बिअर वाहायला लागते. बघताना वाटतं, हे लुडविगच्या लग्नापासून चालू असणार. ते 1950 पासूनचं आहे. टोमास विमर नावाच्या महापौरांनी युद्धानंतर पडझड झालेल्या शहरात ती सुरुवात केली, आणि त्यांना सतरा घाव घालावे लागले. आता दोन घावांत तोटी बसली नाही तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा होते. कपड्यांचंही तेच. आज लेदरहोजे (पुरुषांची चामड्याची चड्डी) आणि डिर्नडल (बायकांचा घेरदार झगा) न घालता गेलं तर आपणच परके वाटतो, पण सत्तरच्या दशकातले फोटो पाहिले तर लोक साध्या जॅकेट-पँटमध्ये बसलेले दिसतात. हा पोशाख सगळ्यांच्या अंगावर चढला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. राजाने 1810 मध्ये मुलांना जिल्ह्याजिल्ह्यांचे वेश घालून उभं केलं, तेही मुद्दामच होतं. फरक इतकाच की तेव्हा वेश वरून नेमून दिला होता आणि आता लोक स्वतःच्या पैशाने विकत घेतात.

मुख्य प्रवेशद्वाराजवळ एक स्मारक आहे, तिथे मात्र बहुतेक जण न थांबता पुढे जातात. 26 सप्टेंबर 1980 च्या रात्री तिथल्या कचऱ्याच्या डब्यात बॉम्ब फुटला. तेरा माणसं गेली, त्यांत तो ठेवणारा एकवीस वर्षांचा तरुणही होता, आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी उत्सव पुन्हा सुरू झाला. एकट्या, वैफल्यग्रस्त माणसाचं कृत्य म्हणून तपास मिटवला गेला. जखमी लोक, त्यांचे वकील आणि पत्रकार वर्षानुवर्षं मागे लागले, तपास पुन्हा उघडला, आणि हा उजव्या अतिरेक्यांच्या विचारसरणीतून झालेला हल्ला होता असं सरकारी वकिलांनी मान्य करायला 2020 साल उजाडलं. मैदानाभोवतीचं कुंपण आणि पिशव्यांची तपासणी ही अलीकडची. आई-बाबांना मी तिथे नेलं. बाबांनी नावं वाचली आणि त्यांतल्या लहान मुलांची वयं विचारली.

परतायच्या आधी आईला क्रिनोलिनवर बसवलं. 1924 पासूनचं हे चक्र घागऱ्यासारखं हेलकावे घेत हळूहळू फिरतं आणि मधोमध खराखुरा बँड बसून वाजवतो, ध्वनिमुद्रण नाही. तुतारीवाले, ढोलवाले, जाडजूड मिशांचे. आई आधी “मला चक्कर येते” म्हणून आढेवेढे घेत होती. फेरी संपल्यावर उतरायलाच तयार होईना. शेजारच्या, 1869 पासूनच्या शिश्टलच्या तंबूत प्रेक्षकांतल्या एखाद्याचं मुंडकं गिलोटिनने उडवायचा प्रयोग होतो. दारावरचा माणूस ओरडून गिऱ्हाईक गोळा करत होता. बाबांनी विचारलं, “मुंडकं परत बसवून देतात ना? नाहीतर परतीचं तिकीट वाया जायचं.”

आता दर वर्षी कुणी ना कुणी येतं, आणि मी सगळ्यांना एकच यादी पाठवते. शनिवार नको, त्यातही मधला शनिवार-रविवार अजिबात नको. तेव्हा आल्प्सपलीकडून अर्धं इटली येतं. मंगळवार-बुधवार, सकाळी अकरा. दक्षिणेकडच्या जुन्या वीझनला वेगळं तिकीट आहे, ते काढा. तिथे जुनी चक्रं आहेत, दगडी मातीचे मग आहेत आणि संगीत कानाला सोसतं. आधी मासा खा, मग बिअर मागवा, आणि दोघांत एक पुरते. वाढणारीला सुट्टे पैसे ठेवा. आणि कितीही मोह झाला तरी तो काचेचा मग बॅगेत घालू नका. दर वर्षी लाखाच्या आसपास मग दारावरचे रखवालदार लोकांच्या पिशव्यांतून काढून घेतात, आणि इथल्या दुकानात तोच मग रीतसर विकत मिळतो.